केंब्रिजचे कलम

कर्करोगाच्या पेशीला मरण ठाऊक नसते. तिच्या या दुर्गुणालाच कामाला जुंपण्याची युक्ती १९७५ साली केंब्रिज येथे सेझार मिलस्टाइन व गेओर्ग कोलर यांनी शोधून काढली. शरीरात परका जंतू शिरला की रक्तातील काही पेशी त्याला नेमके ओळखणारी प्रतिपिंडे तयार करतात. परंतु शरीराबाहेर त्या फार दिवस जगत नाहीत. या दोघांनी अशा पेशीचा कर्करोगाच्या पेशीशी संयोग घडवून आणला. संततीने एकीचे ज्ञान उचलले, दुसरीचे अमरत्व! १९८४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोधाचे पेटंट मात्र कुणी घेतले नव्हते.

त्याच गावी, विद्यापीठाच्या पॅथॉलॉजी विभागात, हर्मन वाल्डमन आणि जेफ हेल यांनी ही युक्ती उंदरांवर चालवली. हाती आलेले एक प्रतिपिंड माणसाच्या लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी हुडकून मारी. गावाचे व विभागाचे नाव जोडून त्याचे बारसे झाले : कॅम्पाथ. दान मिळालेल्या अस्थिमज्जेतून नको त्या पेशी वेचून काढाव्यात, एवढाच मूळ हेतू. पण एका जुनाट रक्तकर्करोगात याच जातीच्या पेशी बेसुमार माजतात. आणि नवे रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींना कॅम्पाथ सोडून देते.

अडचण एकच. औषध पडले उंदराचे. रोग्याचे शरीर त्यालाच परके समजून उलटे. येथे ग्रेग विंटर धावून आले. आपल्याकडचा माळी रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधतो ना? अगदी तसेच! शत्रूला ओळखणारी टोके तेवढी उंदराची ठेवून बाकीचा सांगाडा त्यांनी माणसाचा घेतला. १९८८ साली लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या दोन रोग्यांना हे कलमी औषध दिले गेले, आणि गाठी ओसरल्या.

पुढे एका कंपनीने ते हाती धरून सोडले, दुसरीने उचलले. २००१ साली अमेरिकेत जुनाट रक्तकर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. औषध सौम्य नव्हे. थंडी वाजून ताप भरतो. चांगल्या पेशीही मरत असल्यामुळे इतर रोगांना दार उघडे राहते. तरीही जेथे बाकीची औषधे हरली होती, तेथे त्याने कित्येकांना आयुष्य दिले.

आणि २०१२ साली सनोफी कंपनीने रक्तकर्करोगाच्या बाजारातून ते काढून घेतले! ते कुचकामी ठरले म्हणून नव्हे. मेंदू व मज्जारज्जू पोखरणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसवर त्याचा गुण येतो, हे केंब्रिजमध्येच १९९१ पासून पाहण्यात आले होते. २०१३ साली युरोपात व २०१४ साली अमेरिकेत तेच द्रव्य नव्या नावाने त्या रोगासाठी मान्य झाले. मात्रा पुष्कळ कमी, मिलिग्रॅममागे भाव कितीतरी पट अधिक. कायद्यात हे बसते; माझ्यासारख्या मास्तराच्या हिशेबात बसत नाही.

रक्तकर्करोगाच्या रोग्यांना ते फुकट द्यावे, अशी सोय कंपनीने केली, हेही सांगितले पाहिजे. मात्र दुकानातून आणता येणार नव्हते. प्रत्येक रोग्यासाठी डॉक्टरांनी वेगळा अर्ज करायचा होता.