अडत, आकडा आणि कॅसिनो : द्यूतव्यवसायातील कामाच्या विभागणीचा इतिहास
(अकोटच्या कापूस बाजाराच्या संदर्भात)

जुगाराचा इतिहास बहुधा खेळणाऱ्याच्या बाजूने लिहिला गेला आहे. युधिष्ठिराने राज्य गमावले, नलाने गमावले. नलाची दमयंती विदर्भाची राजकन्या असल्यामुळे वऱ्हाडात ती कथा विशेष परिचयाची आहे. परंतु फासे पुरविणारा, पैसा मोजणारा, हिशेब ठेवणारा व पहारा करणारा या मंडळींचा विचार अभ्यासकांनी क्वचितच केला. वस्तुतः द्यूत हा व्यवसाय होतो तो यांच्यामुळेच. प्रस्तुत लेखात या कामकरी वर्गाचा मागोवा घेतला आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आढळतो. जुगार एकाच ठिकाणी चालविणे व खोटे फासे रोखणे ही त्याची कामे होत. जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ हिस्सा आणि शिवाय फाशांचे भाडे, जागा व पाणी यांचे शुल्क तेथे सांगितले आहे. ‘मृच्छकटिक’ नाटकातील सभिक माथुर दहा सुवर्णांसाठी संवाहकाचा पाठलाग करतो. त्यावरून वसुली हेही सभिकाचेच काम होते, हे दिसते. म्हणजे मालक, देखरेख करणारा व वसूल करणारा या भूमिका प्राचीन काळी पुष्कळशा एकवटलेल्या होत्या. त्या वेगळ्या कशा झाल्या, हे पाहण्यासाठी वऱ्हाडच्या कापूस बाजाराकडे वळावे लागते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडी कापसाला मोठी मागणी आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. अकोल्याच्या उत्तरेस सुमारे ४५ कि.मी.वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अकोटची पेठ याच कापसावर वाढली. कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला व १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यामुळे दलाल व मापारी यांना परवाने आवश्यक ठरले. गाडी बाजारात आली की शेतकऱ्याच्या वतीने अडत्या बोलणार, सौदा दलाल जुळविणार, वजन मापारी करणार, गठ्ठे हमाल उचलणार आणि नोंद मुनीम ठेवणार, अशी ही साखळी होती. वजन करणाऱ्याचा भावाशी संबंध नसावा, हे तत्त्व येथे महत्त्वाचे आहे. ते पुष्कळदा पाळले जात नसे, ही गोष्ट वेगळी.

याच कापसाच्या भावातून ‘आकडा’ जन्मास आला. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडतीचे व बंदचे भाव मुंबईस तारेने येत आणि त्यांवर पैजा लागत. १९६१ मध्ये ही पद्धत बंद पडली. पुढे कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळी मटका, तर रतन खत्री यांनी १९६४ मध्ये न्यू वरळी मटका सुरू केला. मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची रीत मागे पडून पत्ते आले, परंतु ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे बाजाराचे शब्द कायम राहिले. ज्या भावावर अकोटच्या शेतकऱ्याचा वर्षाचा संसार अवलंबून, त्याच भावाच्या आकड्यांवर मुंबईतला गिरणी कामगार पैसे लावीत होता, ही विसंगती इतिहासकाराने नोंदविली पाहिजे.

वऱ्हाडात या जुगाराचे नाव आजही ‘वरली मटका’ असेच ऐकू येते. त्यातील कामाची रचना बाजाराच्याच धर्तीची आहे. पानठेल्याजवळ चिठ्ठी लिहिणारा लावलेल्या आकड्यांची नोंद करतो व जमा रकमेवर कमिशन घेतो. ठरलेल्या वेळेपूर्वी चिठ्ठ्या व पैसा खायवालाकडे पोचतो. खायवाल झेपेल तेवढी जोखीम स्वतःकडे ठेवतो, उरलेली वरच्याकडे ‘उतारा’ म्हणून देतो. एकेरी आकड्याला साधारणपणे एकास नऊ दिले जात. दहापैकी एक आकडा लागत असल्यामुळे चालविणाऱ्यास सरासरी शेकडा १० उरतात, म्हणजे कौटिल्याच्या दुप्पट. अमेरिकन पद्धतीच्या रूलेत चाकावर ३८ घरे असतात व एका घराला एकास पस्तीस मिळतात, त्यामुळे तेथे घराचा वाटा ५.२६ टक्के पडतो. कौटिल्याच्या आकड्याशी हे साम्य योगायोगाचे असले तरी मनोरंजक आहे.

कॅसिनोत हीच कामे उघडपणे व पगारावर चालतात. डीलर पत्ते वाटतो, चाक फिरवितो, जिंकलेल्यास चिप्स देतो. टेबल सोडताना दोन्ही तळहात कॅमेऱ्यास दाखवितो. त्याच्यावर निरीक्षक, काही टेबलांच्या गटावर पिट बॉस व सर्वांवर पाळीचा व्यवस्थापक असतो. रोख रकमेचे काम जाळीआडचा रोखपाल करतो. डीलरचा त्याच्याशी संबंध येत नाही. कॅमेऱ्यांपुढे बसणारा पहारेकरी वर्ग पिट बॉसच्या हाताखाली नसतो, तो थेट वरिष्ठ व्यवस्थापनास जबाबदार असतो. हातात पत्ते असलेला, पैसा मोजणारा व पाहणारा हे तिघे वेगळे ठेवणे, हा या रचनेचा गाभा होय. मटक्यात हे काम ओळख, भीती आणि गुप्तता यांवर भागविले जाते.

भूमिकांची सर्वांत नेमकी यादी मात्र कायद्यातच सापडते. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ मध्ये जुगारघर चालविणारा, जागा देणारा, व्यवस्था पाहणारा, पैसा पुरविणारा आणि व्यवसायास ‘कोणत्याही प्रकारे साहाय्य करणारा’ अशी सर्वांची गणना आहे. केवळ हजर असणाऱ्यासाठी कलम ५ आहे. पत्त्यांच्या अड्ड्यावर डावातून ‘नाल’ काढणारा कलम ४ मध्येच येतो. व्यवहारात छाप्यामध्ये सापडतो तो चिठ्ठी व पेन हाती असलेला माणूस. कमिशनवर जगणाऱ्या या माणसाकडे सर्वांत कमी नफा व सर्वांत जास्त धोका येतो. खायवाल त्या जागी नसतोच.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनो नियंत्रण व कर कायदा केला. तो कधीच अमलात आला नाही आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्याने त्याच १९७६ सालच्या आपल्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलांना परवानगी दिली. त्यामुळे अकोटला जे काम गुन्हा ठरते, तेच मांडवीतील जहाजावर गणवेशातील नोकरी ठरते. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना या कॅसिनोंत खेळण्यास बंदी आली. डीलर, रोखपाल वा सुरक्षारक्षक म्हणून तेथे काम करण्यावर मात बंदी घातलेली नाही.