वसतिगृहाच्या भिंतीआड

निवासी शाळा आणि रहस्यकथा यांचे नाते मोठे घट्ट आहे. उंच कुंपण, ठरल्या वेळी मालवणारे दिवे, घंटेच्या ठोक्यावर चालणारा दिनक्रम आणि एकमेकांची गुपिते पोटात ठेवणारी मुले. रहस्यकथेला जे हवे ते सारे येथे आयते मिळते. संशयित मोजके असतात. बाहेरच्याला आत येणे अवघड आणि आतल्याला मन मोकळे करणे त्याहून अवघड. इंग्रजी साहित्यात टॉमस ह्यूज यांच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या १८५७ च्या कादंबरीने शालेय कथेला लोकप्रियता मिळवून दिली. १९९२ साली डोना टार्ट यांच्या ‘द सीक्रेट हिस्टरी’ने त्याच विद्येच्या आवारात, ग्रीक भाषेच्या अभ्यासकांच्या एका लहानशा वर्तुळात, खून आणून ठेवला. जुनी ग्रंथालये, दगडी कमानी, विद्येचा ध्यास आणि त्याच्या सावलीत वाढणारे पाप, या वातावरणाला हल्ली ‘डार्क अकॅडेमिया’ असे नाव पडले आहे. आमच्या तरुण वाचकांना ते परके नाही.

या वातावरणाच्या शोधात परदेशी जाण्याचे कारण नाही. ते आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. नयना करीमभॉय यांची ‘मिस टिमिन्स स्कूल फॉर गर्ल्स’ ही इंग्रजी कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली. तिचे स्थळ पाचगणी आणि काळ १९७४ चा. चारुलता आपटे ही जेमतेम एकवीस वर्षांची ब्राह्मण कुटुंबातील मुलगी मुलींच्या निवासी शाळेत शेक्सपिअर शिकवण्यासाठी येते. साम्राज्य जाऊन पाव शतक लोटले तरी शाळेची शिस्त जुन्या साहेबी वळणाचीच आहे. पावसाळ्यातील एका रात्री कड्याच्या पायथ्याशी प्रेत सापडते, आणि संशयाचे बोट नव्याने आलेल्या चारुलतेकडे वळते. पुढचे सांगून आम्ही वाचकांचा रसभंग करणार नाही.

लेखिकेने पाचगणीच का निवडली असावी, याचे उत्तर त्या गावाच्या इतिहासात आहे. सुमारे तेराशे मीटर उंचीवरचे हे ठिकाण इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हवा खाण्यासाठी वसवले. जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने तेथे सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडे लावली. महाबळेश्वरचा पाऊस अतोनात. पाचगणी डोंगराच्या आडोशाला असल्याने तेथे तो पुष्कळ कमी. त्यामुळे बारमाही राहणे शक्य झाले, आणि जेथे बारमाही राहता येते तेथे शाळा चालते. त्या शतकाच्या अखेरीस व पुढच्या शतकाच्या आरंभी सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट, किमिन्स आणि सेंट पीटर्स या निवासी शाळा उभ्या राहिल्या. पुढे पारशी, हिंदू व मुस्लिम संस्थाचालकांनीही तेथे शाळा काढल्या. याच हवेसाठी क्षयरोग्यांचे आरोग्यधामही तेथे आले. जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार, त्याच्या कडेचे तुटलेले कडे, धुके, एकीकडे खोकणारे रुग्ण आणि दुसरीकडे रांगेने चालणारी मुले. कादंबरीकाराला कल्पनेने फारसे काही भरण्याची गरजच पडू नये.

१९५५ साली झांझिबारहून आठ वर्षांचा एक पारशी मुलगा सेंट पीटर्समध्ये दाखल झाला. फारुख बलसारा हे त्याचे नाव. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाने त्याला ओळखले. आईबापांपासून समुद्रापलीकडे राहणाऱ्या अशा लेकरांच्या मनात रात्री काय चालत असेल, ही गोष्ट कोणत्याही खुनाच्या उलगड्याहून कमी गूढ नाही. सेमिनरीच्या वसतिगृहात वाढलेल्या आम्हांला तिचा थोडाफार अंदाज आहे.

परंतु सातारा जिल्ह्याला वसतिगृहाची आणखी एक परंपरा आहे, आणि तिच्या मुळाशी कादंबरीत शोभेल असे एक प्रकरण आहे. पाचगणीचा घाट उतरून वाईमार्गे साताऱ्यास आले की कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या बोर्डिंगचे गाव लागते. भाऊरावांचा जन्म १८८७ सालचा, कुंभोजचा. घर आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर विटाळाचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना काढून टाकले.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्याला रात्रीतून कोणी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर आणण्यात आला. साक्षीदार हवा होता, आणि लठ्ठ्यांनी ज्याला बाहेर काढले त्या भाऊरावांहून सोयीचा साक्षीदार कोणता? सूड उगवण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास साफ नकार दिला. त्यांना कोठडीत टाकले, छळ केला. तो असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण लठ्ठ्यांविरुद्ध खोटा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

रहस्यकथेत शेवटी कोणीतरी बोट दाखवतो आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. येथे बोट न दाखवणारा माणूसच कथेचा नायक आहे. डांबर कोणी फासले, यापेक्षा सत्तेच्या धाकाने निरपराध्याचे नाव घेतले गेले नाही, हे आम्हांला मोलाचे वाटते.

या प्रकरणानंतर भाऊरावांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत सातारा-सांगलीकडची खेडी पायाखाली घातली आणि शेतकऱ्यांच्या पोरांची अवस्था पाहिली. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीस बसत. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. स्नानासाठी ज्याला बोर्डिंगातून काढले, त्याने असे बोर्डिंग उभारले की जेथे विटाळ या शब्दालाच थारा नव्हता.

पाचगणीची भिंत आणि साताऱ्याची पंगत यांत एक चांगली व दुसरी वाईट, असा निवाडा आम्ही करीत नाही. दोन्हींकडे लेकरे घर सोडून आली, दोन्हींकडे शिस्त होती. मात्र जेथे भिंत उंच असते तेथे दोन धोके सदैव संभवतात. खरे घडलेले आत दडपले जाते, किंवा संस्थेचे नाव राखण्यासाठी दुबळ्याच्या, नवख्याच्या माथी दोष मारला जातो. कादंबरीतील चारुलता या दुसऱ्या धोक्यात सापडते. आपल्या समाजानेही अनेक बोर्डिंगे चालवली आहेत, आजही चालवतो. तेथील मूल भीतीने गप्प बसते की विश्वासाने बोलते, हे पालकांनी, गुरुजनांनी आणि आम्हां धर्मगुरूंनी वेळोवेळी तपासून पाहिले पाहिजे. चुगली न करणे हा वसतिगृहाचा अलिखित कायदा आहे. पण अन्याय सांगणे ही चुगली नव्हे, आणि दडपणाखाली भलत्याचे नाव घेणे ही आज्ञाधारकता नव्हे. एवढा भेद मुलाला कळला, तर त्याच्या बोर्डिंगातील वर्षांचे चीज झाले असे आम्ही समजू.