चॅप्लिन, रक्तगट आणि 280 दिवस

चार्ली चॅप्लिनचे सिनेमे आपण सगळ्यांनीच पाहिलेत, पण त्याच्यावरचा पितृत्वाचा खटला फारसा कुणाला ठाऊक नसतो. 1943 साली जोन बॅरी या तरुणीने आपल्या मुलीचा बाप चॅप्लिन असल्याचा दावा लावला. 1944 मध्ये रक्ततपासणी झाली. आईचा गट ए, मुलीचा बी, चॅप्लिनचा ओ. आता बघा, मुलीतला बी आईकडून येणं शक्य नाही, म्हणजे तो बापाकडूनच यायला हवा, आणि ओ गटाच्या माणसाकडे तो नसतोच. विषय संपला!

पण नाही. कॅलिफोर्नियात तेव्हा रक्ततपासणी हा निर्णायक पुरावा नव्हता. ज्यूरीसमोर मुलीचा आणि चॅप्लिनचा चेहरा ताडून पाहिला गेला. पहिल्या ज्यूरीचा निर्णयच होईना. 1945 मध्ये दुसरीने 11 विरुद्ध 1 असा कौल दिला. मुलगी 21 वर्षांची होईपर्यंत आठवड्याला 75 डॉलर! 1953 मध्ये तिथला कायदा बदलला, पण चॅप्लिनला त्याचा काय उपयोग...

गंमत म्हणजे त्याच 1953 साली डीएनएची रचना उलगडली. आपल्याकडचं कलम मात्र 1872 च्या पुरावा कायद्यातलं, क्रमांक 112. लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर 280 दिवसांत आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच. सुटका एकच: गर्भधारणेच्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं हे सिद्ध करा. 1 जुलै 2024 पासून हेच नव्या साक्ष अधिनियमाचं कलम 116 आहे.

पुरुषांना याचा राग येतो, आणि तो मला समजतो. 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दोनदा डीएनए चाचणी होऊन नवरा बाप नाही हे दिसलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या पोटगीचं ओझं त्याच्यावरून उतरवलं. योग्यच केलं. पण 2023 मध्ये त्याच न्यायालयाने असंही बजावलं की संशय आला म्हणून ऊठसूट मुलाची चाचणी करता येणार नाही.

मला यात विसंगती दिसत नाही. पहिल्या खटल्यात अहवाल समोर आलेला होता. दुसऱ्यात बायकोचा व्यभिचार सिद्ध करायला नवऱ्याला मुलाचं रक्त हवं होतं. भांडण मोठ्यांचं आणि शिक्का पोराच्या कपाळावर!

चॅप्लिनवर अन्याय झाला, तो उत्तर समोर असताना डोळे मिटल्यामुळे. तेव्हा उत्तर हातात आलं की ते मानावं. पण प्रश्न कुणाच्या जिवावर विचारतोय, ते आधी बघावं.