चूल, ओटा आणि सहा बाय आठ

जनगणनेत कुटुंबाची व्याख्या स्वयंपाकघरावरून होते. जी माणसे सहसा एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवतात ते एक कुटुंब. रक्ताचे नाते, आडनाव, घराचा मालक कोण, यातले काही त्या व्याख्येत येत नाही. मराठीला हे जनगणनेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. 'दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या' एवढे म्हटले की पुढचे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही.

या एका शब्दावरून आमच्या घरात वर्षभर धुसफूस चालली आहे. आमचे घर जयपूरच्या गोपालपुऱ्यात. सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन इथे आले, सोसायटीच्या पट्ट्यावर प्लॉट घेतला आणि १९८६ साली खालचा मजला बांधला. आता आम्ही आठ माणसे आहोत: सासूबाई, मोठे दीर-जाऊबाई आणि त्यांची दोन मुले, आम्ही दोघे आणि आमची मुलगी. स्वयंपाकघर तेव्हाचेच, सहा फूट बाय आठ फूट. मी टेप लावून मोजले आहे. अठ्ठेचाळीस चौरस फूट म्हणजे साधारण ४.४६ चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराला किमान ५ चौरस मीटर सांगितले आहेत, वेगळी कोठीची खोली असेल तर साडेचार, आणि त्यातच जेवायचे असेल तर साडेसात. आमच्याकडे कोठीची खोली नाही, आणि मुले शाळेत जाताना त्यातच उभी राहून खातात.

जाऊबाईंचे म्हणणे, वरच्या मजल्यावर दुसरा ओटा घालू या. सासूबाईंचे म्हणणे, मी असेपर्यंत या घरात एकच चूल. पूर्वी पंधरा-पंधरा माणसे एका स्वयंपाकघरात मावत, तुम्हाला आठ जड झाली, हा त्यांचा ठरलेला युक्तिवाद. मी इतिहासाची विद्यार्थिनी. पूर्वी खरोखर काय होते ते तरी बघावे, म्हणून वाचायला बसले.

पेशवाईतला मुदपाकखाना सोडून द्या. साध्या खात्यापित्या घरचे स्वयंपाकघर मागच्या अंगाला, माजघराच्या पलीकडे, बहुधा अंधारे. खोली आकाराने मोठी असे हे खरे, पण ती स्वयंपाकासाठी मोठी नव्हती. तिच्यात लाकडे असत, पाण्याचे हंडे-कळशा असत, पाटा-वरवंटा, फडताळ, मडक्यांच्या उतरंडी, आणि पंगतही तिथेच किंवा लगतच बसे. प्रत्यक्ष रांधण्याची जागा म्हणजे चूल, तिच्या शेजारचा वैल आणि पुढ्यातला पाट. बसलेल्या बाईचा हात जिथवर पोचेल तेवढेच तिचे राज्य. माझ्या हिशेबाने ते आमच्या सहा बाय आठपेक्षाही लहान भरते. चुलीचा धूर जायला कौलात धुराडे असले तर नशीब.

त्यात सोवळे. ज्या घरांत ते कडक होते तिथे चुलीपुढे एका वेळी एकच सोवळ्यातली बाई असे आणि बाकीच्यांनी उंबऱ्याबाहेरून जिन्नस सरकवायचे. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचे सोवळे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणाला सांगायला नको. आणि ज्यांना त्या उंबऱ्याच्या जवळही येऊ दिले जात नव्हते त्यांनी या मोठ्या स्वयंपाकघराची आठवण कशाला काढावी?

उत्तरेत याचेच दुसरे रूप होते. इथे 'चौका' म्हणजे सारवून आखून घेतलेला रांधण्याचा चौकोन. आज 'चौका-बर्तन' या जोडशब्दात तो उरला आहे. पाण्यात शिजवलेले ते कच्चे, तुपात तळलेले ते पक्के. कच्चे चौक्याबाहेर न्यायचे नाही, पक्के चालते. आमच्या शेजारच्या आजी पुरी-भाजी सहज पाठवतात, पण खिचडी पाठवताना अजून क्षणभर थांबतात. जयपुरात मराठी माणसे ही भानगड बघत आली आहेत ती शहर वसल्यापासून. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये जयपूर वसवले. त्याच्या पदरी असलेला सम्राट जगन्नाथ मराठी. त्याने युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात 'रेखागणित' या नावाने आणली. राजाचा गुरू रत्नाकर पुंडरीक हाही महाराष्ट्रीय. ब्रह्मपुरीतली पुंडरीकांची हवेली तिथल्या भित्तिचित्रांसाठी संरक्षित आहे. अशा वास्तूत रंगवलेल्या भिंती जपतात आणि काजळलेल्या भिंती आधी धुऊन काढतात, त्यामुळे या माणसांनी इथे आमटी कशी उकळली हे चित्रांवरून कळायचे नाही.

छोट्या स्वयंपाकघराचा खरा मराठी इतिहास मात्र मुंबईचा आहे. सरकारने १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापले आणि पुढच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे चाळी उठवल्या. त्या बीडीडी चाळी. एकूण २०७ इमारती, प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. हे स्वयंपाकघराचे माप नाही, घराचे माप आहे. एका कोपऱ्यात मोरी, मोरीला लागून फळ्या आणि शेगडी, वर पोटमाळा, बाकी सगळे आयुष्य उरलेल्या जागेत. लाकडाच्या चुलीला इथे जागाच नव्हती. कोळशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह. दाबाने पेटणारा प्रायमस स्वीडनमध्ये १८९२ मध्ये निघाला आणि त्याच्या फर्रर्र आवाजाने इथल्या किती पिढ्यांची पहाट झाली. बंगालच्या इंदुमाधव मल्लिकांचा इकमिक कुकर १९१० च्या सुमाराचा. एकावर एक डबे आणि खाली निखारे, लावून कामावर जा, आल्यावर जेवा. एकट्या कारकुनाला आणि विद्यार्थ्याला यापेक्षा लहान स्वयंपाकघर आजतागायत कोणी दिलेले नाही.

पण चाळीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट खानावळवाली. गिरणीकामगार कोकणातून, घाटावरून आलेला, बायको गावी. तो महिन्याच्या बोलीवर कोणा बाईकडे जेवे. ती बाई आपल्या त्याच खोलीत, त्याच मोरीशेजारी, दहा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापत असे, आणि पगार होईपर्यंत वाण्याचे उधार तिच्या डोक्यावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले ते याच बायकांसाठी. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळू लागले आणि सावकाराचा फास सैल झाला. सासूबाईंचे 'पंधरा माणसे मावत' हे वाक्य या ठिकाणी शब्दशः खरे आहे. फक्त ती माणसे तिच्या घरची नव्हती आणि मावत होते ते त्यांचे जेवण.

आता उभे राहून रांधणे कधी आले ते पाहू, कारण माझ्या मते सगळा बदल तिथे आहे.

१९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईने फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. रुंदी १.९ मीटर, लांबी जेमतेम साडेतीन मीटर. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी गृहिणीच्या हालचाली मोजून लिहिले होते, ते हिने वाचलेले होते, आणि नमुना होता आगगाडीच्या भोजनडब्यातल्या स्वयंपाकघराचा. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. मोजकी पावले, हाताशी सगळे, एका बाईने भराभर उरकायचे. पुढे तिनेच सांगितले की हे आखेपर्यंत आपण कधी घर चालवलेले नव्हते. मला यात तिचा उपहास करावासा वाटत नाही. बाईचे श्रम मोजण्याजोगे आहेत हे तिने मानले, तेवढे पुष्कळांनी मानले नव्हते. पण तिचे स्वयंपाकघर एकीचेच होते. दुसरी आत आली की पहिलीने बाहेर व्हायचे.

आपल्याकडे हा ओटा सावकाश आला. मुंबईत बर्मा-शेलचा सिलिंडरमधला गॅस १९५० च्या दशकाच्या मध्यावर आला, इंडेन १९६५ मध्ये. प्रेशर कुकर इथे बनू लागले ते १९५९ च्या सुमारास. गॅसची शेगडी जमिनीवर ठेवता येईना, कारण सिलिंडर तिच्यापेक्षा खाली हवा असे सांगितले जाई, म्हणून ओटा उचलला. महाराष्ट्रात त्यावर कडाप्पा बसला, इकडे राजस्थानात कोटा दगड. काजळी गेली, डोळ्यांची आग गेली, फुंकणी गेली. आमच्या सासूबाईंच्या आईने आयुष्यभर फुंकणी फुंकली आणि शेवटी दम्याने गेल्या. चुलीचे गोडवे गाणाऱ्यांसमोर सासूबाई स्वतःच हे सांगतात.

गेले ते आणखी एक. जमिनीवर रांधायची खोली होती तेव्हा चार बायका चार पाटांवर बसत. एक विळीवर, एक परातीशी, एक नुसतीच गप्पा मारायला. जागा लहान असली तरी बसायला तोंड चारही बाजूंनी होते. ओट्याला तोंड एकच, भिंतीकडे. त्यासमोर उभी राहणारी घराकडे पाठ करून उभी असते. आमच्या स्वयंपाकघरात ओटा आठ फुटांच्या भिंतीला आहे, दोन फूट खोल. पुढे चार फूट उरतात, त्यात फ्रीज. मी पोळ्या लाटत असताना जाऊबाईंना तेलाचा डबा हवा असेल तर मी आधी बाहेर येते. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि तिथून कारभार करतात, म्हणजे दारही बंद. चौरस फुटांचा हिशेब पाहिला तर आमच्या पणजीची रांधायची जागा याहून मोठी नव्हती, हे मी त्यांना दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अगं, पण आम्ही बसायचो." माझ्या सगळ्या वाचनाचे सार त्यांनी चार शब्दांत काढले, याचा मला थोडा रागच आला.

हे घर असे का बांधले, याचा इतिहास फार लांबचा नाही. गोपालपुरा हे जयपूरच्या दक्षिणेला, टोंक रोडच्या कडेचे. गुलाबी भिंतींच्या शहराशी याचा संबंध नाही. शेतजमिनीवर सहकारी गृहनिर्माण समित्यांनी प्लॉट पाडले, पट्टे दिले, आणि जयपूर विकास प्राधिकरण १९८२ मध्ये आल्यावर अशा वसाहती हळूहळू नियमित होत गेल्या. लोकांनी पगारातून, भविष्यनिर्वाह निधीतून घर बांधले. बैठकीची खोली पाहुण्यांच्या डोळ्यांत भरेल अशी, स्वयंपाकघर उरलेल्या जागेत. मिस्त्रीने आग्नेय कोपरा पकडला, तिथे जिन्याची भिंत आडवी आली, म्हणून सहा फूट. शास्त्र पाळले गेले. बाबांना कोणी विचारले नाही की इथे किती जणी उभ्या राहणार. आईंनाही विचारले नव्हते, असे त्या सांगतात.

मग बायपासवर कोचिंग क्लास आले. स्पर्धा परीक्षांची मुले सीकर, नागौर, भरतपूरकडून येऊन इथल्या घरांत राहू लागली. घराघरावर मजले चढले आणि प्रत्येक खोलीत एक लहानसे स्वयंपाकघर झाले: खिडकीच्या कट्ट्यावर इंडक्शनची शेगडी, एक कुकर, चार डबे. आमच्या वरच्या दोन खोल्यांतही दहा वर्षे मुले होती. त्यातला एक मुलगा त्या कट्ट्यावर दाल-बाटीतली बाटीसुद्धा करायचा, कुकरमध्ये. पाहिले की मला इकमिक कुकरवाला कारकून आठवे. सध्या खोल्या रिकाम्या आहेत, म्हणून तर ओट्याचा विषय निघाला.

सासूबाईंची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण कायद्यात तिला फारसा आधार नाही. हिंदू एकत्र कुटुंबात वेगळे शिजवले एवढ्यावरून वाटणी झाली असे होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. भाऊ वेगळे जेवले तरी मिळकत एकत्र असू शकते. उलट स्वयंपाकाच्या गॅसच्या सरकारी आदेशात कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुले आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले आईवडील, एका घरात, एका स्वयंपाकघरासह. म्हणजे जनगणनेच्या लेखी आम्ही आठ जण आजही एक कुटुंब, आणि गॅसच्या लेखी दोन विवाहित भाऊ एका ओट्यावर असूनही दोन कुटुंबे. मी हे दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर ठेवले. दीर म्हणाले, "बघ आई, सरकारने आपल्याला आधीच वेगळे केले आहे." त्या हसल्या नाहीत.

वहिनींनी मग निराळी भाषा काढली. "अहो आई, वेगळे जेवायचे नाहीच. पोळ्या खालीच होतील. वर सणावाराचे तळण, पापड-कुरडया आणि पावसाळ्यात मुलांचे डबे. एका ओट्यावर दोघी उभ्या राहू शकत नाही, म्हणून एक जण रोज टीव्हीसमोर बसते आणि दुसरी रोज राबते. ते कोणाला दिसत नाही का?" ती बसणारी बहुतेक वेळा मीच असते. नोकरीवरून सातला आले की ओटा वहिनींच्या ताब्यात असतो आणि मला आत शिरायला जागा नसते, हे माझ्या सोयीचेच होते.

सासूबाईंनी दोन दिवस काही म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला स्वतः बोलावून घेतले. वरची खोली दहा बाय नऊ आहे. ओटा दोन भिंतींना काटकोनात, तिसऱ्या भिंतीला कोटा दगडाचे बाकडे, अठरा इंच उंच, तिघी बसतील एवढे लांब, आणि ओट्याचा एक हातभर तुकडा खाली उतरवून बाकड्यासमोर आणायचा, म्हणजे बसून निवडता-चिरता येईल. फ्रँकफर्टच्या त्या स्वयंपाकघरातही बसून काम करायला एक फिरते स्टूल होते, हे मी त्यांना सांगितले नाही. मिस्त्री म्हणाला, "माताजी, बैठके आजकल कौन बनाता है?" त्यांनी त्याला तेवढेच विचारले की दगड किती दिवसांत येईल, आणि जिन्याला कठडा दोन्ही बाजूंनी लागेल, त्याचे वेगळे किती घेणार.