प्रतिवादाची अनुज्ञा

संक्षिप्त दाव्यात बचाव मांडण्यापूर्वी प्रतिवादीला न्यायालयाकडून मिळवावी लागणारी परवानगी. सामान्य दिवाणी दाव्यात कैफियत दाखल करणे हा प्रतिवादीचा हक्क असतो. हुंडी, वचनचिठ्ठी, लेखी करार किंवा हमीपत्र यांवर आधारलेल्या निश्चित रकमेच्या दाव्यात वादीने संक्षिप्त पद्धत स्वीकारल्यास हा हक्क अनुज्ञेवर अवलंबून राहतो. बँकांच्या कर्जवसुलीत या तरतुदीला विशेष महत्त्व आले.

तिचे मूळ व्यापारी व्यवहारात आहे. नागपूरमधील गांधीबागेसारख्या घाऊक कापडबाजारात माल बऱ्याच अंशी उधारीवर फिरतो. पैसा वेळेवर परत न आल्यास पेढी, बँक आणि जामीनदार अशी सर्व साखळी अडचणीत येते. म्हणून ज्याची सही कागदावर आहे, त्याने केवळ कालहरणासाठी दावा लांबवू नये, हे तत्त्व मान्य झाले. इंग्लंडमध्ये १८५५ च्या अधिनियमाने व भारतात १८६६ च्या अधिनियमाने विनिमयपत्रांसाठी अशी पद्धत घालून दिली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तिला ३७ व्या आदेशात स्थान मिळाले. प्रारंभी ती मुख्यत्वे मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील उच्च न्यायालयांपुरती होती. १९७६ च्या सुधारणेने (अंमल १ फेब्रुवारी १९७७) ती इतर दिवाणी न्यायालयांनाही लागू झाली.

समन्स बजावल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीने हजेरी नोंदवावयाची असते. त्यानंतर वादी निर्णयार्थ समन्स बजावतो व त्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीने शपथपत्रासह अनुज्ञेसाठी अर्ज करावयाचा असतो. अर्ज न केल्यास किंवा तो फेटाळला गेल्यास वादीला तत्काळ हुकूमनामा मिळतो. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब क्षम्य ठरतो. जेवढी रक्कम प्रतिवादी मान्य करतो, तेवढी भरल्याशिवाय अनुज्ञा मिळत नाही.

अनुज्ञा बिनशर्त असावी की सशर्त, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९४५ साली किरणमयी दासी खटल्यात बचावाच्या बळानुसार प्रतवारी केली. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली संतोषकुमार खटल्यात असे ठरविले, की विचारणीय मुद्दा खरोखर उपस्थित होत असता, केवळ लेखी पुरावा अद्याप पुढे आला नाही म्हणून रक्कम भरण्याची अट घालणे योग्य नव्हे. कारण पैसे नसलेल्याचा बचाव तेथेच संपतो. १९७६ च्या मेकॅलेक खटल्यात कलकत्त्याची प्रतवारी स्वीकारली गेली. मुंबईहून आलेल्या हबटाऊन खटल्यात (२०१६) मात्र न्यायालयाने सुधारित संहितेच्या आधारे हे निकष नव्याने मांडले आणि उच्च न्यायालयाने दिलेल्या बिनशर्त अनुज्ञेऐवजी मुद्दल भरण्याची किंवा त्यासाठी तारण देण्याची अट घातली.

१९९३ च्या अधिनियमाने बँकांचे मोठे दावे ऋणवसुली न्यायाधिकरणांकडे सोपविले. नागपुरातही असे न्यायाधिकरण आहे. दहा लाख रुपयांची मूळ मर्यादा २०१८ साली वीस लाख झाली. तेथे अनुज्ञा लागत नाही. ऋणको तीस दिवसांत आपले लेखी निवेदन देतो. तथापि निर्णयाविरुद्ध अपील करताना ठरलेल्या ऋणाची सामान्यतः निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणजे दाराशी असलेली अट अपिलाच्या उंबरठ्यावर गेली. राज्याच्या कायद्याखालील सहकारी बँका या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ठरविले. त्यांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये होऊ शकते. त्यामुळे एकाच बाजारातील दोन दुकानदारांना, कर्ज कोणत्या बँकेचे व किती यावरून, बचावाचे वेगवेगळे मार्ग अनुसरावे लागतात.

धनकोला त्वरित न्याय आणि ऋणकोला म्हणणे मांडण्याची संधी, या दोहोंतील तोल हेच या तरतुदीचे मर्म आहे. मुदतीची माहिती नसल्याने खरा बचाव असलेला जामीनदारही हुकूमनाम्याला सामोरा जाऊ शकतो. म्हणून समन्स हाती पडताच वेळेत हजर होणे हे त्याचे पहिले संरक्षण ठरते.