सावतोबांच्या मळ्यातील मिरची

मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहणारा सावता माळ्याचा अभंग आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. त्यावर बोलताना आमचे एक वाक्य ठरलेले असे : 'तेराव्या शतकातील कष्टकऱ्याच्या मळ्याचे हे प्रत्यक्ष चित्र आहे.' एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, या अभंगात लसूण-कोथिंबिरीबरोबर मिरचीही आहे. मिरची तर पोर्तुगीजांनी आणली ना?" संतांच्या भावापुढे असल्या तपशिलाचे मोल नसते, असे काहीतरी सांगून आम्ही तास पुढे नेला. ते उत्तर नव्हते, ती पळवाट होती. तिला द्यावयाचे राहिलेले उत्तर येथे मांडत आहोत.

प्रथम काळाचा हिशेब पाहू. परंपरेनुसार सावतोबांचा जन्म 1250चा आणि समाधी 1295ची. गाव अरण, आजच्या सोलापूर जिल्ह्यातील. मिरची ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. इक्वेडोरमध्ये तिच्या वापराचे सुमारे 6000 वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत. भारतात मात्र ती येण्यास कोलंबसाची 1492ची सफर आणि वास्को द गामाचे 1498चे कालिकतला येणे, या दोन्ही घटना घडाव्या लागल्या. 1510मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरून ती देशात पसरली. म्हणजे सावतोबांची समाधी आणि मिरचीचे आगमन यांत किमान दोनशे वर्षांचे अंतर पडते.

त्यापूर्वी येथे तिखट नव्हते असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. तेथे तिखटपणा येतो तो मिऱ्यांमुळे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'तील पाककृतींतही मिरेच आहेत, मिरची नाही. नव्या फळाला नाव देताना लोकांनी जुन्या तिखटाचाच आधार घेतला. संस्कृत 'मरिच' म्हणजे मिरे. 'मिरची' हा शब्द त्याच कुळातला. कोकणीतील 'मिरसांग' या शब्दात तर मिरे आणि शेंग ही जोडी सहज ओळखू येते. गंमत अशी की स्पॅनिश भाषेनेही नेमके हेच केले : मिऱ्याला 'पिमिएन्ता', मिरचीला 'पिमिएन्तो'.

मिरची एकटी आलेली नाही. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि त्याचे मूळ कॅरिबियन बेटांवरील रताळ्याच्या नावात आहे. 'टोमॅटो' हे मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील नावाचे रूपांतर. आपल्या उपवासाच्या ताटाकडे पाहावे : बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, आणि आजचा साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावाचा कंद, ही सारी अमेरिकेची पिके. एकादशीला आपण वर्ज्य मानतो तो तांदूळ मात्र येथला फार जुना रहिवासी. 'प्राचीन' हे विशेषण आपण किती सैलपणे वापरतो, हे या ताटावरून कळावे.

मग अभंगातील मिरचीचे काय करावयाचे? आम्हांला तीन शक्यता दिसतात. पहिली, मूळ शब्दाचा अर्थ मिरे असा असावा. परंतु मिऱ्याचा वेल दमट हवेचा. अरणच्या कोरड्या रानात, कांद्या-मुळ्याच्या वाफ्याशेजारी तो संभवत नाही. दुसरी, मूळच्या एखाद्या भाजीच्या जागी पुढच्या गायकांनी आपल्या ओळखीची मिरची आणली असावी. तिसरी, संपूर्ण अभंगच सावतोबांच्या नाममुद्रेने नंतरच्या कोणा भक्ताने रचला असावा. दुसरी आणि तिसरी यांत निर्णय देण्यास एका शब्दाचा पुरावा अपुरा आहे, हे आम्ही मान्य करतो. सावतोबांचे अभंग काशिबा गुरवाने लिहून घेतले असे परंपरा सांगते. तरी ते आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः कंठोकंठी. 1290ची 'ज्ञानेश्वरी'देखील तीनशे वर्षांत पाठभेदांनी इतकी गढूळ झाली होती की 1584मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. सावतोबांच्या मोजक्या अभंगांना असा एकनाथ लाभला नाही.

यामुळे अभंग उणा होतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्यातील खरे धाडस कांदा आणि लसूण यांत आहे. सोवळ्या स्वयंपाकाने बाहेर ठेवलेल्या या दोघांना तो थेट विठ्ठलाचे रूप देतो, आणि हे दोघेही येथे मिरचीपूर्वी शेकडो वर्षांपासून पिकत होते. मिरची वगळली तरी हा अर्थ टिकतो. ती राहिली तर आणखी एक गोष्ट कळते : ज्यांनी हा अभंग पिढ्यान्‌पिढ्या गायिला, त्यांनी तो जुन्या मळ्याची आठवण म्हणून गायिला नाही, स्वतःच्या वाफ्यात जे उगवले तेही त्यांनी विठ्ठलाच्या पदरात घातले.

म्हणून अभंगातून मिरची उपटून काढावी असे आमचे म्हणणे नाही. बदलावयाचे आहे ते आमचे वाक्य. 'तेराव्या शतकातील मळ्याचे चित्र' असे आता आम्ही म्हणत नाही. 'तेराव्या शतकातील संताच्या नावावर अनेक पिढ्यांनी राखलेला मळा' असे म्हणतो. मिरचीची शंका आता आम्हीच वर्गापुढे ठेवतो. विचारणारी विद्यार्थिनी मात्र तेव्हाच शिक्षण संपवून गेली. तिच्या वहीत आमचे जुने वाक्यच राहिले असेल.