अळवावरचे पाणी आणि दव

अळवावर पाणी ठरत नाही, हे आपल्या भाषेने प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी टिपले. शास्त्राला त्याची कारणे मांडायला वेळ लागला: 1944 मध्ये कॅसी आणि बॅक्स्टर यांनी सच्छिद्र पृष्ठभागावरचा थेंब अडकलेल्या हवेवर कसा तरतो ते दाखवले, आणि 1997 मध्ये बार्टलॉट व नाइनहुइस यांनी कमळाच्या पानाची खडबडीत, मेणचट रचना प्रसिद्धीस आणली. मग पाणी टिकत नाही तिथे बर्फही धरणार नाही, हा तर्क सोपा वाटला. माझ्या मते तो पावसाला लागू होता, दवाला नव्हे. पाऊस वरून पडतो. दव मात्र वाफेतून त्या सूक्ष्म खाचांच्या आतच जन्मते आणि हवेची जागा घेते. 2005 मध्ये कमळपानावर वाफ सांद्रित करून पाहिली, तर ते पाणी पानाला चिकटूनच राहिले. 2010 मध्ये संशोधक वाराणसी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की खाचांत धरलेल्या हिमतुषाराने बर्फाची पकड उलट घट्ट होते.

यावर आक्षेप रास्त आहे: 2009 मध्ये बोरेइको आणि चेन यांना अशाच पृष्ठभागावर दवाचे थेंब एकमेकांत मिसळताच उडी मारून निघून जाताना दिसले होते. खरे, पण त्यासाठी खाचा फारच बारीक लागतात, आणि एक थेंब गोठला की तुषार शेजाऱ्यांपर्यंत पसरतो. उड्यांनी तो लांबतो, टळत नाही. म्हणून 2011 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी कमळ सोडून घटपर्णीच्या निसरड्या काठाकडे वळणे आणि खाचांत हवेऐवजी वंगण भरणे मला अधिक प्रामाणिक वाटते, जरी ते वंगण हळूहळू झिजत असले तरी.